‘फुटला’ म्हणायचं नाही

सकाळी सहाला घरातली मधली सून शेडचं कुलूप काढायला गेली, तर कुलूप आधीच निघालेलं होतं आणि आत आप्पा लाकडी वल्हं हातात धरून पैलवानासारखे उभे होते. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कपाळावर घाम, आणि ऐंशी ओलांडलेल्या चेहऱ्यावर एवढा आनंद, की मधलीला क्षणभर आपण या घरात लग्न होऊन आलो तेव्हाचे सासरे दिसले.

“वाचवला,” आप्पा म्हणाले. “थोडक्यात वाचला घाणा, सूनबाई. मला जाग आली नसती तर गेलाच होता.”

मधलीने टाकीकडे पाहिलं. टाकीचं झाकण खाली उतरवलेलं होतं. शेजारी दोन रिकाम्या बादल्या होत्या.

“काय झालं होतं त्याला?” तिने जपून विचारलं.

“काय व्हायचं? वाढला होता. दोन भाग झाले होते सरळ सरळ. वर पिवळं, खाली काळं. बाहेरच्या काचेच्या नळीतून दिसत होतं. मग काय, दोन बादल्या कॉस्टिकचं पाणी घातलं आणि घोटला तासभर. ये, बघ. आता कसा एकजीव झालाय.”

मधलीने वाकून पाहिलं. दोनशे लिटरच्या टाकीत ओल्या चुन्यासारखा पांढुरका, जाड लगदा होता. काल संध्याकाळी तिच्या मुलीने याच टाकीत चहाच्या रंगाचं तेल ठेवलं होतं.

या घराची चार पिढ्यांची रोजीरोटी साबणावर चालली होती. तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकत्र घोटायचं, ते एकजीव झालं की साच्यात ओतायचं. एका वेळी जेवढा माल निघतो तो एक घाणा. आणि कधी नशीब फिरलं, की तेल वर, पाणी खाली असे त्याचे दोन भाग व्हायचे. तो घाणा फुटला. पण हा शब्द शेडमध्ये उच्चारायचा नाही, असा आप्पांच्या वडिलांचा दंडक होता. बांगडी जशी फुटत नाही, वाढते, तसा घाणाही वाढायचा. पुढे तो दंडक शेडमधून घरात शिरला आणि त्याला धरबंध राहिला नाही. धाकटा लहानपणी झाडावरून पडला तेव्हा रक्ताने माखून घरी आला आणि म्हणाला, “आप्पा, माझं डोकं वाढलं.” चुलत घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हा आप्पांनी सगळ्यांना ‘त्यांचं घर वाढलं’ म्हणून सांगितलं, तर लोक तिकडे अभिनंदन करायला गेले.

साबण बंद पडून तीन वर्षं झाली होती. शेड रिकामी पडली तेव्हा मधलीची मुलगी, जिला सगळे ठिणगी म्हणत, रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली आणि खानावळी, कँटीन, इस्पितळांची स्वयंपाकघरं पालथी घालत तळणाचं जळकं तेल गोळा करू लागली. ते गाळायचं, तापवून त्यातलं पाणी घालवायचं, मग मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं कॉस्टिक घालून घोटायचं आणि रात्रभर शांत ठेवायचं. सकाळी खाली काळसर ग्लिसरीन बसतं आणि वर राहतं ते गाडीत घालायचं इंधन. साबणाच्या उलट कारभार. साबण एकजीव व्हावा लागतो, हे फुटावंच लागतं.

आणि आज चार वाजता बस आगाराचे मिस्त्री नमुना बघायला येणार होते.

ठिणगी तोंडात दात घासायचा ब्रश धरून जिन्यावरून उतरली, टाकीशी आली, आत पाहिलं आणि तोंडातला फेस तिने तसाच गिळला.

“बघ गं पोरी,” आप्पा म्हणाले. “कुणी बोट ठेवून दाखवावं यात.”

ठिणगीने आधी आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. ती स्वभावाने नावाप्रमाणे होती. एरवी एवढ्यात भडका उडाला असता.

“छान झालाय, आप्पा,” ती म्हणाली. “जा, आंघोळ करून घ्या. दमलात तुम्ही.”

आप्पा गुणगुणत गेले. ते जिन्याच्या वर पोचले. मग ठिणगी बादली उपडी करून तिच्यावर बसली.

“किती पाणी घातलं?”

“दोन बादल्या.”

“संपलं मग.” तिने ब्रशने जमिनीवर एक रेघ ओढली. “चूक माझीच आहे, आई. काल झोपायला जाताना त्यांनी विचारलं, सकाळपर्यंत काय होईल याचं. मी म्हटलं, वाढेल बघा छान. त्यांच्यापुढे तो शब्द कसा काढायचा, म्हणून. बिचारे रात्रभर झोपले नसतील.”

“फुटेल म्हणाली असतीस तर त्यांना कळलं असतं?”

“नसतं कळलं. पण विचारलं तरी असतं.”

मधलीला हसू आणि रडू एकदमच आलं. नवरा गेल्यावर या घरात तिला सांभाळलं ते आप्पांनी. आणि आज तिच्या मुलीच्या दोन वर्षांच्या खटपटीत दोन बादल्या पाणी ओतलं तेही आप्पांनीच, तेही जीव तोडून. कुणाला बोल लावायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अकराला थोरले दादा, वहिनी आणि धाकटे भाऊजी आले. अंगणात टेबल मांडलेलं होतं. पुढे रस्त्यावर दुकान, त्याच्या वर आप्पा, मधली आणि ठिणगी यांचं राहतं घर, मध्ये हे अंगण आणि मागे शेड, अशी ती सगळी जागा. आप्पांची अट ठरलेली होती. जागा एक आहे. विकायची तर अख्खी, ठेवायची तर अख्खी. आज मिस्त्रींनी माल पसंत केला तर ठेवायची, नाहीतर दादांनी आणलेल्या कागदांवर आप्पा सही करणार होते. हे गेल्याच महिन्यात सगळ्यांसमोर ठरलं होतं आणि आप्पा शब्दाला पक्के होते.

दादांनी फाइल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं. वेळापत्रकं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे ते बसले तरी कुठेतरी निघायचं असल्यासारखे बसत.

“तयारी झाली का?” त्यांनी विचारलं.

मधलीने ठरवलंच होतं. “दादा, माल बिघडलाय. रात्री माझ्या हातून टाकीत पाणी गेलं.”

ठिणगी चमकून काही बोलणार तोच मधलीने टेबलाखालून तिचा पाय दाबला.

“तुझ्या हातून?” वहिनी म्हणाल्या. “दूध ओतताना थेंब सांडला तर हळहळतेस तू. दोन कप चहा मोजून तीनदा बघतेस. तुझ्या हातून टाकीत पाणी?”

“झालं खरं.”

वहिनींनी शेडच्या दाराकडे नजर टाकली. दाराला टेकवून ठेवलेलं आप्पांचं वल्हं अजून ओलं होतं. त्यांना कळलं आहे हे मधलीला कळलं.

दादांनी आनंद दाखवला नाही. तेवढा माणूस सरळ होता. “मग मिस्त्रींना निरोप दे,” ते म्हणाले. “सुट्टीच्या दिवशी उगाच हेलपाटा नको त्यांना.”

“कुणी पाणी घातलं म्हणालीस?” आप्पा मागून म्हणाले. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून उभे होते. “पाणी मी घातलं. पहाटे. वाढलेला घाणा होता, मी सावरला.” मग सगळ्यांचे चेहरे बघून ते थांबले. “ठिणगे, काय झालं? खरं सांग.”

ठिणगीने आईकडे पाहिलंच नाही. “आप्पा, तो तसाच व्हायला हवा होता. वरचं वर, खालचं खाली.”

“दोन भाग?”

“दोन भाग. झाले होते, तेच बरोबर होतं.”

आप्पा पायरीवरच बसले. त्यांनी आपले हात पाहिले, पालथे आणि उताणे.

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुमच्यापुढे तो शब्द काढायचा नाही ना,” ठिणगी म्हणाली. “मी वाढेल म्हणाले.”

“करायला गेलो गणपती आणि झाला मारुती,” धाकटे भाऊजी म्हणाले. हा माणूस वारा येईल तशी पाठ फिरवणारा. सकाळी दादांच्या गाडीत बसला तेव्हा जागा विकण्याच्या बाजूने होता, आता त्याला पुतणीचा कळवळा आला होता. “दादा, एक महिना पुढे ढकलू या ना. पोरगी दुसरा घाणा काढेल.”

“आणि महिन्याने तिसरा. मिस्त्री तरी पुन्हा येतील का?” दादा म्हणाले. “शब्द दिलाय आप्पांनी. मी मागितला नव्हता.”

“शब्द दिलाय,” आप्पा म्हणाले. “आण ते कागद.”

दादांनी फाइलवरचं चष्म्याचं घर उचललं, पण फाइल उघडली नाही. मधलीला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, आपण नाही बोललो तर कोण बोलणार.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, “घरात मीठ किती आहे?”

“मीठ?” वहिनींना वाटलं, धक्क्याने म्हातारा भ्रमला.

“मीठ, मीठ. माझा बाप कढईत साबण शिजवायचा, मी एवढासा होतो तेव्हा. साबण असा पाण्यात मिसळून बसला, की तो मिठाचं गरम पाणी सोडायचा. हळू. मग साबण वेगळा, पाणी वेगळं. मीठ कुणालाही कुणाला धरून राहू देत नाही. पोरी, तुझं तेल त्या लगद्यात अजून आहे की सगळं गेलं?”

ठिणगी उभी राहिली होती. “सगळं नाही गेलं. पाणी गार होतं. पुष्कळसं नुसतं अडकलंय.” मग तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. “पुस्तकात आहे, आप्पा. मिठाचं पाणी. मी वाचलंय ते. सकाळपासून बादलीवर बसून रडतेय मी.”

“पुस्तकात असेलच,” आप्पा म्हणाले. “माझ्या बापाने काय नवीन काढलं नव्हतं.”

पुढचे चार तास त्या अंगणात जे चाललं, ते शेडने साबण बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. भाऊजी स्कूटरवरून जाऊन मिठाची दहा किलोंची पिशवी घेऊन आले. दुकानदाराने एवढं मीठ कशाला विचारलं तेव्हा घर धुवायचंय म्हणून सांगितलं, असंही त्यांनी येऊन सगळ्यांना सांगितलं. ठिणगीने अख्ख्या टाकीच्या वाटेला न जाता चाळीस लिटर लगदा एका पिंपात काढला. वहिनींनी पदर खोचला. लग्न होऊन आल्या तेव्हा तयार साबणाची कपची जिभेला लावून कॉस्टिक उरलं आहे का हे सांगण्यात त्यांचा हात, किंवा जीभ म्हणा, कुणी धरत नसे. पुढे दादांची बदली झाली आणि ते सगळं सुटलं. आज मधलीने त्यांना शेडच्या दारातच थांबून लांब श्वास घेताना पाहिलं.

“तुम्ही नका हो उठू,” वहिनींनी खुर्चीतल्या दादांना बजावलं. “गुडघे तुमचे.”

याच्यावर दादा उठले नसते तर नवल. ते आले, ठिणगीच्या हातातून तापमापक काढून घेतला आणि म्हणाले, “किती अंशावर धरायचं?”

“पन्नास, मोठे काका. साठच्या वर नको.”

“मग पन्नासच. साठ कशाला.”

आप्पा स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. मीठ विरघळलेलं पाणी बारीक धारेने सोडायचं. वल्हं हळू, पाळणा हलवावा तसं, घुसळायचं नाही. सकाळी जोराने घोटलं तीच माझी चूक, हे ते तीनदा बोलून गेले. तिसऱ्यांदा ठिणगी म्हणाली, “आप्पा, पुरे आता, नाहीतर मी रडेन,” तेव्हा थांबले.

पाणी सोडून झालं, पिंप झाकलं आणि वाट बघणं उरलं, तेव्हा दादा मधलीशेजारी पायरीवर येऊन बसले.

“खोटं का बोललीस सकाळी?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“आप्पांवर बोल यायला नको म्हणून.”

“मला वाटलंच.” ते थोडा वेळ तापमापक पुसत राहिले. “तुम्हा सगळ्यांना वाटतं मी या जागेच्या मुळावर उठलोय. गेल्या वर्षी आप्पा या जिन्यावरून पडले, त्यांना पाठीवर घेऊन मी उतरलो. आठवतं ना? पुढच्या वेळी माझे गुडघे नाही म्हणतील. मला तळमजल्यावर एक घर हवंय, सगळे मावतील असं. मला जागा विकायची हौस नाही गं. मला तो जिना विकायचाय.”

मधलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत दीर तिच्याशी इतकं कधी बोलले नव्हते. “मग जिनाच विका ना,” ती म्हणाली. “पुढचं दुकान आणि वरचं घर.”

“जागा घेणारा तो औषधाच्या दुकानवाला आहे ना, त्या औषधवाल्याला पुढचंच हवंय. शेडचं काय करू, असं तोच विचारत होता. पण आप्पांना कोण सांगणार? अख्खी, नाहीतर नाहीच. एकदा विषय काढला तर म्हणाले, माझ्या जिवंतपणी जागा वाढवायची नाही.” त्यांनी हात झटकला. “वाढवायची नाही म्हणे.”

दोघं हसले. आप्पांचं स्टूल तिथून पाच पावलांवर होतं आणि आप्पा डोळे मिटून बसले होते. म्हातारी माणसं डोळे मिटून बसली म्हणजे झोपलीच असं तरुणांना वाटतं. साठीतले तरुणही त्याला अपवाद नाहीत.

अडीच वाजता ठिणगीने झाकण काढलं. तळाला मिठाचं गढूळ पाणी, त्यावर साबणाचा पांढरा थर, आणि सगळ्यात वर वीतभर उंचीचं तेल. गढूळ होतं, पण चहाच्या रंगाचं होतं. तिने ते नळीने वेगळं काढलं, गरम पाण्याने दोनदा हलकंसं धुतलं आणि उरलेलं पाणी उडावं म्हणून शेगडीवर ठेवलं. भाऊजींनी न मागता पंखा आणून लावला.

मिस्त्री चारला दोन मिनिटं कमी असताना आले, म्हणून ते दादांना लगेच पटले. बोटांच्या रेषांत कायमचं काळं ग्रीस बसलेला, मोजकं बोलणारा माणूस. शेडमध्ये फिरले, शेगडी पाहिली, साबणाचा थर पाहून “हे काय?” म्हणाले. ठिणगीने काही लपवलं नाही. सकाळपासूनचं सगळं सांगितलं. मिस्त्रींनी आप्पांकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली.

“बाकीचं मला कळत नाही,” ते म्हणाले. “मला बाटलीतलं कळतं.”

त्यांनी खिशातून काचेची बाटली काढली, अर्धी त्या तेलाने भरली, अर्धी नळाच्या पाण्याने. झाकण लावून जोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. बाटलीत सगळं पांढरं झालं.

“आता अर्धा तास. खाली पाणी नितळ आलं तर घेईन. आधी दोन गाड्यांना लावून बघू. असंच दुधाळ राहिलं, तर यात साबण आहे. मग माझ्या इंजिनात नाही घालत मी.”

मधलीने चहा केला. सगळे टेबलाभोवती बसले आणि बाटलीकडे पाहू लागले. सात माणसं, एक बाटली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. पांढरं ते पांढरंच. दादा घड्याळ आणि बाटली आळीपाळीने बघत होते, आणि मधलीच्या लक्षात आलं, की त्यांच्याही ओठांची शिवण घट्ट झाली आहे. म्हणजे दादांनाही ते व्हायला हवं होतं.

“मी शाळेच्या निकालालाही एवढा घाबरलो नव्हतो,” भाऊजी म्हणाले.

“तुझा निकाल आधीच माहीत असायचा,” वहिनी म्हणाल्या.

पंधरा मिनिटं झाली. ठिणगीने डोळे मिटले. मधलीने टेबलाखालून तिचा हात धरला, सकाळी पाय दाबला होता त्याच जागी. आप्पा पुढे वाकले होते, इतके की त्यांचा श्वास बाटलीच्या काचेवर उमटत होता.

मग तळाशी काहीतरी निवळलं. आधी बोटाच्या पेराएवढं. मग दोन पेरं. पाणी खालून वर स्वच्छ होत आलं, इतकं की पलीकडच्या मिस्त्रींच्या शर्टाचं बटण त्यातून दिसू लागलं. त्यावर बारीक पांढरी रेघ राहिली, आणि रेघेवर तेल.

आप्पांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

“फुटलं,” ते म्हणाले.

मिस्त्रींना त्यात काही वाटलं नाही. बाकीचे पाच जण मात्र बाटली सोडून आप्पांकडे बघू लागले.

“फुटलं,” आप्पा पुन्हा म्हणाले. शब्द जिभेला लावून बघावा, तसे. “स्वच्छ फुटलं.”

“फुटणारच की,” मिस्त्री म्हणाले. “माल चांगला आहे.”

ठिणगी रडली. वहिनींनी तिला जवळ घेतलं, आणि पिंपातला साबणाचा थर आणि टाकीतलं ग्लिसरीन माझं, त्याचं काय करायचं ते मी बघते, असं तिच्या केसांत बोलून ठेवलं. मिस्त्रींनी बाटली पुन्हा उजेडात धरून पाहिली आणि पहिला माल कधी मिळेल ते विचारलं. ठिणगीने नाक पुसत पंधरा दिवस सांगितले. दादा म्हणाले, “अठरा सांग. दिलेली वेळ चुकता कामा नये.”

आप्पांनी हात पुढे केला. “ती फाइल दे.”

दादा गोंधळले. “आप्पा, ठरलं होतं ना? माल पसंत पडला. जागा ठेवायची.”

“औषधवाल्याला पुढचंच हवंय म्हणालास ना?”

दादांनी मधलीकडे पाहिलं. मधलीने आप्पांच्या स्टुलाकडे पाहिलं.

“डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले,” आप्पा म्हणाले. “पुढचं दे त्याला. जिन्यासकट. तळमजल्यावर घर बघ, मलाही आता चढवत नाही, सांगायची लाज वाटत होती. शेड पोरीची. वरचं वर, खालचं खाली. दोन्ही कामाचं असतं म्हणते ती.”

“म्हणजे जागा...” दादांना तो शब्द उच्चारवेना. साठ वर्षांची सवय.

“म्हण की.”

“म्हणजे जागा फोडायची?”

“फोडायची,” आप्पा म्हणाले. “इतकी वर्षं घोटत बसलो मी सगळ्यांना. आता थोडं निवांत ठेवू.”

दादांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मधलीला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून ती कप गोळा करायला उठली. भाऊजीही मदतीला उठले, म्हणजे त्यांचं कोपर उठलं, आणि टेबलाच्या कडेचा कप फरशीवर पडून त्याचे चार तुकडे झाले.

“वाढला,” पाच जण एकदम म्हणाले.

“फुटला,” आप्पा म्हणाले. “कप फुटला. उचला आधी ते तुकडे, कुणाच्या तरी पायात जातील.”